पक्षाघातानंतर वाचन हरवलं तर परत कसं आणायचं? घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

पक्षाघाताचा झटका आला, माणूस वाचला, हातपाय थोडे हलायला लागले की सगळ्या घराचं लक्ष बोलण्याकडे लागतं. वाचनाकडे लक्ष जातं ते दोन-तीन महिन्यांनी. पेपर तासभर एकाच पानावर उघडा असलेला दिसतो, किंवा औषधाची वेळ चुकते, तेव्हा कळतं की हे वाचत नाहीयेत. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, लोक ज्याला स्पीच थेरपिस्ट म्हणतात ती. बाह्यरुग्ण विभागात जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे विचारले गेले तसेच ठेवले आहेत.

बाबा पेपर हातात घेतात आणि बाजूला ठेवतात. चष्म्याचा नंबर बदलला असेल का?

डोळे तपासून घ्या, त्यात नुकसान काहीच नाही. पण नवा चष्मा करूनही वाचन येत नसेल तर अडचण डोळ्यांच्या मागे, मेंदूत आहे. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते आणि तिथला रक्तपुरवठा तुटला की बोलणं, समजणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींना कमी-अधिक धक्का बसतो. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून उजवा हात-पाय लुळा पडलेल्यांमध्ये वाचनाची तक्रार जास्त दिसते.

त्यातही नजरेचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात उजवीकडचं अर्धं दृश्यच दिसत नाही, दोन्ही डोळ्यांनी. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे पुढचा शब्द नेमका अंधारात पडतो. असा माणूस ‘कोल्हापूर’ला ‘कोल्हा’ म्हणतो आणि ओळीच्या मध्येच थांबतो. दुसऱ्यात डावीकडे दिसत असतं, पण मेंदू तिकडे लक्षच देत नाही. तो ‘दवाखाना’चा ‘खाना’ वाचतो, ‘बाजारभाव’चा ‘भाव’. हा दुसरा प्रकार बहुधा उजव्या मेंदूला इजा झाल्यावर, म्हणजे डावी बाजू लुळी पडलेल्यांत दिसतो.

पहिल्या प्रकारात ओळीखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी धरा आणि बोट ओळीच्या शेवटापर्यंत नेण्याची सवय लावा. दुसऱ्यात पानाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढा आणि प्रत्येक ओळ सुरू करण्याआधी ‘लाल रेघ दिसली का?’ असं विचारा. उजवीकडचं न दिसणाऱ्यांसाठी सरकत्या अक्षरांचा सरावही असतो. मजकूर पडद्यावर उजवीकडून डावीकडे सरकतो आणि डोळे त्याच्यामागे जायला शिकतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने यासाठी ‘रीड-राइट’ नावाचा संगणकीय सराव तयार केला आहे.

वाचाघात म्हणजे बुद्धी गेली का? त्यांना आता काही कळत नाही असं नातेवाईक म्हणतात.

नाही. वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषेला असा धक्का बसतो तेव्हा, शब्दांपर्यंत पोचायची वाट बिघडते. माणसाला घरातली माणसं, पैसे, मान-अपमान, कोण खरं बोलतंय आणि कोण तोंडदेखलं, हे सगळं कळत असतं. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला सुरुवातीला वाचाघात असतो, त्यामुळे तुमचं घर यात एकटं नाही. नातेवाईकांना एवढंच सांगा की त्यांच्यासमोर, ते तिथे नाहीतच असं समजून बोलू नका.

सासरे स्वतःच्या हाताने पत्ता लिहितात आणि दोन मिनिटांनी तोच कागद दाखवला तर वाचता येत नाही. ते मुद्दाम करतात का?

मुद्दाम करत नाहीत. हा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वासच बसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१८९२ मध्ये पॅरिसचे डॉक्टर जूल देजेरिन यांनी असाच एक रुग्ण नोंदवून ठेवला. व्यापार केलेला, चांगला शिकलेला गृहस्थ. पाच वर्षांपूर्वी अचानक त्याला अक्षरं ओळखू येईनाशी झाली. बोलणं व्यवस्थित, लिहिणं व्यवस्थित, आकडे वाचून हिशेब करणंही जमायचं, पण स्वतः लिहिलेली ओळ त्याला परकी वाटायची. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा कारण सापडलं. डाव्या मेंदूचा पाहण्याचा भाग आणि दोन्ही मेंदूंना जोडणाऱ्या पट्ट्याचा मागचा भाग निकामी झाला होता. उजव्या मेंदूला अक्षर दिसत होतं, पण ते डाव्या बाजूच्या भाषेपर्यंत पोचवणारा रस्ता तुटला होता. लिहिण्याचा रस्ता वेगळा, तो शाबूत होता.

तुमच्या सासऱ्यांचंही बहुधा असंच काही झालं असेल. हात शाबूत आहे, तर हाताकडूनच मदत घ्यायची. छापलेल्या अक्षरावरून त्यांना बोट फिरवायला सांगा, किंवा तुम्ही त्यांच्या तळहातावर बोटाने ते अक्षर गिरवा. कागदावर न ओळखलेला ‘म’ तळहातावर गिरवताक्षणी ते ‘म’ म्हणतील, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. सुरुवातीला एकेक अक्षर असं गिरवत वाचायला फार वेळ लागतो. सरावाने बोट हवेत किंवा मांडीवर हलतं, आणि पुढे पुढे बोट हलवावंही लागत नाही.

‘पोळी’ लिहिलेलं असतं, त्या ‘भाकरी’ वाचतात. आणि कधी कधी भलतंच काही. चुका टिपून ठेवायच्या का?

हो, जशाच्या तशा टिपा. ‘चुकलं’ एवढंच लिहिलंत तर मला काही कळत नाही. ‘पोळी’चं ‘भाकरी’ झालं हे लिहिलंत तर खूप कळतं. अर्थ मेंदूपर्यंत पोचला आहे, उच्चार मात्र शेजारच्या शब्दाचा आला. अशा बाईंचं मूक वाचन मोठ्याने वाचण्यापेक्षा चांगलं असण्याची शक्यता असते. म्हणून त्यांना वाचून दाखवायला लावण्याआधी शब्दासमोर दोन चित्रं ठेवा आणि बोट ठेवायला सांगा.

दुसऱ्या चुका दिसण्याच्या असतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ यांत गोंधळ होतो. ‘वाडा’चा ‘वडा’ होतो कारण काना निसटतो. आपल्या लिपीत काही खुणा उच्चाराच्या क्रमाने बसत नाहीत, तिथे तर हमखास अडतं. ‘किती’मधली पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते आणि तोंडाने नंतर म्हणायची असते. ‘वर्ग’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण बोलायचा आधी. अशा शब्दांवर अडणारा माणूस ‘वग’ वाचून पुढे जातो. जोडाक्षरांचंही तसंच.

तिसरी चूक मराठीत सगळ्यात जास्त धोक्याची, आणि ती सहज नजरेतून सुटते. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘घरात’, ‘घरातून’, ‘घरापर्यंत’ या तिन्ही ठिकाणी वाचाघाताचा रुग्ण ‘घर’ वाचतो आणि शेपूट सोडून देतो. गप्पांमध्ये ते चालून जातं. पण औषधाच्या पाकिटावर ‘जेवणाआधी’ आणि ‘जेवणानंतर’ लिहिलेलं असतं, तिथे दोन्हीकडे ‘जेवण’च वाचलं जातं. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याच्या घरात ही चूक दवाखान्यात नेऊ शकते. त्यामुळे औषधाच्या डब्यावर शब्द लिहून थांबू नका. ताटाचं चित्र काढा आणि गोळी ताटाच्या आधी काढा किंवा नंतर.

बाराखडीपासून सुरुवात करायची ना? मुलीची जुनी अंकलिपी काढून ठेवली आहे.

अंकलिपी परत कपाटात ठेवा. हे मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण सुरुवातीच्या काळात मीच ही चूक केली आहे. निवृत्त मुख्याध्यापक होते. मी त्यांच्यापुढे ‘अ’ अननसाचा असलेलं रंगीत पान ठेवलं. त्यांनी ते पान नीट घडी घालून माझ्याकडे परत दिलं आणि पुढच्या दोन वेळा आलेच नाहीत. तीस वर्षं ज्यांनी इतरांना वाचायला शिकवलं त्यांच्यापुढे मी काय ठेवत होते, हे मला फार उशिरा उमगलं.

मानाचा प्रश्न आहेच, पण या पद्धतीत दुसरीही खोट आहे. मूल बाराखडी शिकतं तेव्हा त्याच्याकडे लिखित शब्दांचा साठा नसतो. तुमच्या वडिलांकडे तो पन्नास-साठ वर्षांचा आहे, आणि शब्द अख्खाच्या अख्खा ओळखण्याची ताकद अनेकदा शिल्लक असते. माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर यायचे. ‘स’ कोणता विचारलं तर गप्प बसायचे. एकदा मी मोठ्या अक्षरांत ‘स्वारगेट’ लिहून समोर ठेवलं. त्यांनी पाहिलं आणि लगेच म्हणाले, “स्वारगेट.” जोडाक्षर असलेला, चार अक्षरी शब्द, आणि तो असा धाडकन आला. मग आम्ही ‘शिवाजीनगर’, ‘सातारा’, ‘कराड’ असं करत रस्त्याने निघालो. त्या पाट्यांच्या शब्दांमधून पुढे अक्षरं सुटी केली. ‘सातारा’तला ‘सा’, तोच ‘सांगली’त. ‘स’ त्यांना असा सापडला.

तुमच्या घरचे असे वीस शब्द काढा. कुटुंबातली नावं, गावाचं नाव, देवाचं नाव, रोजच्या जेवणातले पदार्थ, नोकरी-धंद्यातले शब्द. शेती केली असेल तर पिकांची नावं, शिवणकाम केलं असेल तर कापडांची. प्रत्येक शब्द एका कार्डावर, जाड काळ्या पेनाने, वरची रेघ स्पष्ट ओढून लिहा. मागच्या बाजूला फोटो चिकटवा.

अक्षरांचा सराव पुढे लागतो, विशेषतः नवा, कधी न पाहिलेला शब्द वाचण्यासाठी. तेव्हा तो जरूर करायचा, पण ओळखीच्या शब्दांतूनच.

घरी रोज नेमकं काय करू? मला पद्धत सांगा.

वेळ सकाळची ठेवा, चहा-नाश्ता झाल्यावर. टीव्ही बंद. वीस मिनिटं पुरे, संध्याकाळी पुन्हा वीस. थकलेल्या मेंदूकडून तासभर करून घेतलेला सराव वाया जातो.

पहिली पद्धत सोबतीने वाचण्याची. शिकागोच्या लिओरा चर्नी यांनी वाचाघाताच्या रुग्णांसाठी ती बसवली आणि आता अनेक ठिकाणी वापरली जाते. समोरासमोर बसा, तुमचं तोंड त्यांना दिसलं पाहिजे. एक छोटं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. ‘आज भाजीत मीठ जास्त झालं.’ असं, घरातलंच.

आधी तुम्ही एकट्याने वाचा, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत. मग पुन्हा तुम्हीच, पण आता बोट त्यांचं. मग दोघं मिळून, एका सुरात, जरा संथपणे. हे दोन-तीनदा करा. त्यांचा आवाज तुमच्यामागे अर्धा शब्द येत असला तरी चालेल, थांबून दुरुस्त करू नका. त्यानंतर विचारा, “‘मीठ’ कुठे आहे?” ते बोट ठेवतील. मग तुम्ही ‘भाजीत’वर बोट ठेवा आणि त्यांना वाचू द्या. शेवटी पूर्ण वाक्य पुन्हा एकत्र, तुमचा आवाज हळूहळू कमी करत. एका वाक्याला तीन-चार मिनिटं लागतात. चार वाक्यं झाली की बस.

ज्यांना जोरात वाचता येतं पण फार सावकाश, अक्षर अक्षर जुळवत, त्यांच्यासाठी दुसरी पद्धत. १९७९ मध्ये सँड्रा मॉयर यांनी ती एका रुग्णावर वापरून मांडली. एकच छोटा उतारा आठवडाभर रोज अनेक वेळा मोठ्याने वाचायचा. आठवडा संपला की नवा उतारा. वेळ घड्याळात मोजून वहीत लिहा. त्याच उताऱ्याचा वेग वाढतो हे कुणीही म्हणेल, पण अनेकांचा नव्या उताऱ्याचा वेगही हळूहळू वाढतो. वहीतले ते आकडे रुग्णाला दाखवा. पंधरा दिवसांपूर्वी तीन मिनिटं लागली होती, आज दोन, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुढे ओढून बसवावं लागत नाही.

पाठ असलेल्या आरत्या, अभंग, स्तोत्रं सुरुवातीला फार कामाला येतात, कारण ओठ आपोआप पुढे चालतात. पण एक सांभाळा. पाठ म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं. बोट शब्दावरच राहतंय ना, हे बघा. मध्येच थांबून ‘आता बोट आहे तो शब्द कोणता?’ असं विचारा. तेवढ्याने पाठांतराचं वाचन होतं.

अडले तर लगेच शब्द देऊ नका, मनातल्या मनात दहा मोजा. मग पहिलं अक्षर ओठांनी दाखवा. तरी नाही आलं तर शब्द सांगून पुढे जा. “काल तर आलं होतं, आज काय झालं?” हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये. वाचाघातात काल आलेलं आज न येणं हा आजाराचाच भाग आहे.

मोठा लेख वाचताच येत नाही. मजकूर सोपा कसा करायचा?

एका ओळीत एकच गोष्ट. अक्षरं मोठी, ओळींमध्ये मोकळी जागा, महत्त्वाचा एखादाच शब्द ठळक, आणि शेजारी अर्थ सांगणारं चित्र. लांबलचक विशेषणं काढून टाका, बातमी ठेवा. ‘उद्या पाणी येणार नाही. परवा येईल.’ सोपं म्हणजे बाळबोध नव्हे. विषय मोठ्या माणसाचेच ठेवा: निवडणूक, पाऊस, क्रिकेट, गावातलं लग्न.

झटक्याला दोन वर्षं झाली. आता काही उपयोग आहे का? डॉक्टर म्हणाले होते, सहा महिन्यांत काय यायचं ते येतं.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, हे खरं. त्यानंतर दार बंद होतं, हे खरं नाही. जर्मनीत १९ केंद्रांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वाचाघात होऊन सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ उलटलेल्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिले. रोजच्या व्यवहारातलं त्यांचं बोलणं सुधारलं. तो अभ्यास बोलण्याचा होता, वाचनाचा नाही. पण सहा महिन्यांनी सगळं थांबतं या समजुतीला त्याने उत्तर दिलं आहे.

आपल्याकडे मात्र आठवड्यातून एकदा अर्धा तास उपचार मिळतात, आणि ‘वर्षभर थेरपी केली, काही फरक नाही’ असं घरचे म्हणतात. वर्षभराचे ते एकूण २६ तास होतात. उरलेले तास घरात भरून काढावे लागतात, म्हणून मी सारखी वहीचा आणि घड्याळाचा आग्रह धरते.

मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही यायचं. सुरुवात कशात करायची?

झटक्याच्या आधी ते कशात वाचायचे, हे आठवा. १८९५ मध्ये फ्रेंच डॉक्टर अल्बेर पित्र यांनी लिहून ठेवलं होतं की, अनेक भाषा येणाऱ्या माणसाची जी भाषा सर्वांत सवयीची, ती आधी परत येते. प्रत्येक वेळी तसं होत नाही, पण सुरुवातीसाठी हा आडाखा चांगला आहे. आणि सवयीची म्हणजे मातृभाषाच, असं धरून चालू नका. बोलणं मराठीत, पण चाळीस वर्षं बँकेत सगळे कागद इंग्रजीत वाचले, असा माणूस इंग्रजी मथळा आधी वाचू शकतो. दोन्ही समोर ठेवून बघा.

लिप्याही मेंदूत वेगवेगळ्या वागू शकतात. जपानी माणूस चित्रासारखी अक्षरं आणि उच्चाराची अक्षरं अशा दोन पद्धती एकाच वाक्यात वाचतो. तिथे झटक्यानंतर एक बिघडते आणि दुसरी बरीच टिकते, अशी उदाहरणं आहेत. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, त्यामुळे मराठीत कमावलेलं अक्षर हिंदीतही हाताशी येतं. इंग्रजीचं काम वेगळं करावं लागतं. गोव्यातल्या कुटुंबांना माझं आणखी एक विचारणं असतं. आजी कोकणी देवनागरीत वाचायची की रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत? चर्चची प्रार्थना आयुष्यभर रोमी लिपीत वाचलेल्या बाईंना देवनागरी कार्डं देऊन काही साधत नाही.

परदेशात मुलांकडे राहणाऱ्या आई-वडिलांना झटका आला तर तिथली थेरपिस्ट इंग्रजीतच तपासणार. दुभाषी मागा, तो मागण्यात संकोच नको. मराठी कार्डं आणि वाक्यं तुम्ही करा आणि तिला पद्धत विचारा. पद्धत भाषेला बांधलेली नसते. इथल्या थेरपिस्टशी व्हिडिओवर सराव ठेवणारी कुटुंबंही आता बरीच आहेत.

अक्षरं थोडी जमतात, पण आकडे उलटे वाचतात. ४७ला ७४ म्हणतात.

मराठीत हे होणारच. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. त्यात ‘एकोणपन्नास’सारखे शब्द, जिथे लिहिलेलं ४९ आणि ऐकू येतं पन्नास. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. शाळेचं काय करायचं ते शाळेने ठरवावं. वाचाघाताच्या रुग्णासाठी मात्र ‘चाळीस सात’ ही पद्धत खरोखर सोपी पडते, मी बिनदिक्कत वापरते. फोन नंबर आणि ओटीपी एकेक अंक सुटा वाचायचा. पैशांच्या बाबतीत खऱ्या नोटा हातात देऊन सराव घ्या.

आजी चौथीपर्यंतच शिकलेली. तिला वाचन शिकवून काय करायचं?

तिला विचारा. ती आधी पोथी वाचत असेल, बसची पाटी वाचत असेल, नातवाचं नाव वाचत असेल, तर तेवढंच परत मिळवायचं. पूर्वी जे वाचलंच नाही ते आता शिकवायचा हट्ट नको.

मोबाईल मजकूर वाचून दाखवतो. मग हा सगळा खटाटोप कशाला?

मोबाईल जरूर वापरा. कॅमेऱ्याने पान टिपून मराठीत ऐकता येतं, संदेश ऐकता येतात, बोलून टाइप करता येतं. ऐकलेलं समजत असेल तर हा मोठा आधार आहे. सरावालाही तो चालतो: मोबाईल वाचतो, त्यांचं बोट ओळीवर फिरतं. फक्त वाचनाचा वेग कमी करून घ्या. आणि ऐकलेलंच समजत नसेल, तर मोबाईलने केलेल्या वाचनाचाही उपयोग होत नाही, हे आधी तपासा.

थेरपिस्ट कुठे शोधायचा? आमच्या तालुक्याला कुणी नाही.

भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेलीच व्यक्ती निवडा, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. नायर रुग्णालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठात वाचा-उपचाराचं शिक्षण दिलं जातं, तिथे रुग्णही तपासतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पहिली तपासणी प्रत्यक्ष, मग व्हिडिओवर, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा प्रत्यक्ष, असं तालुक्यातून येणाऱ्यांसाठी जमवता येतं.

आणखी एक, जे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं वाचा-भाषा अपंगत्व स्पष्टपणे समाविष्ट आहे. हाता-पायाचं प्रमाणपत्र काढताना याचाही विचार करायला सांगा.

सराव सुरू केला की चिडतात. परवा कार्डं फेकून दिली.

आधी सराव फार अवघड होतोय का बघा. दहांतले सात-आठ शब्द जमायला हवेत. तरीही रोज चिडचिड, झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशातच रस नाही असं असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर नैराश्य खूप जणांना येतं आणि त्यावर औषध आहे. ‘मन घट्ट करा’ म्हणून ते जात नाही.

सही करतात, पण कशावर करतायत ते वाचता येत नाही. बँकेत आणि घराच्या कागदांवर काय करायचं?

कागद सोपा करून, हळू, दोन बैठकांत समजावून सांगा आणि ‘हो’, ‘नाही’, ‘कळलं नाही’ अशी तीन कार्डं समोर ठेवा. तिसरं कार्ड फार महत्त्वाचं आहे. घाईने ‘हो’ म्हणवून घेतलेली संमती ही संमती नाही, आणि हे मला काही कुटुंबांना तोंडावर सांगावं लागलं आहे. सहीच जमत नसेल तर अंगठा चालतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारपणामुळे सही न करू शकणाऱ्या खातेदाराच्या अंगठ्याला बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. मालमत्तेच्या कागदांसाठी वकिलाला विचारा.

सुधारलेलं वाचन आज सकाळी अचानक पुन्हा गेलं. दमले असतील का?

वाट बघू नका. अचानक वाचन किंवा बोलणं जाणं, तोंड वाकडं होणं, हातातली ताकद जाणं हा दुसरा झटका असू शकतो. १०८ला फोन करा आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

ते पुन्हा पूर्वीसारखे वाचतील का? खरं सांगा.

इजा किती मोठी आहे, समजणं किती टिकलंय आणि सराव किती होतो, यावर ते अवलंबून आहे. काही जण पुन्हा कादंबऱ्या वाचतात. बरेच जण मथळे, पाट्या, निरोप, बिलं इथपर्यंत येतात आणि लांब मजकुराला कुणाची तरी सोबत लागते. काहींना थोडेच शब्द परत मिळतात. पहिल्या महिन्यात मी कुणालाही आकडा देत नाही, तीन महिन्यांची वही पाहिल्यावर बोलते.

निफाडकडचे एक शेतकरी काका गेली तीन वर्षं माझ्याकडे येतात. पहिल्या दिवशी त्यांना स्वतःचं आडनाव ओळखू आलं नव्हतं. आता ते रोज सकाळी लासलगावचा कांद्याचा भाव स्वतः वाचतात आणि काकूंना मोठ्याने सांगतात, ‘चाळीस सात’ पद्धतीने. अग्रलेख अजून जमत नाही. तो मुलगा वाचून दाखवतो, आणि काका बोट ओळीवर ठेवून ऐकतात.